चालेल

हॉस्पिटलच्या तळघरात एक थंडगार खोली होती आणि तिथे डबल बसायचा. खरं नाव हजेरीपुस्तकापुरतं. खिशात दोन पेनं, कमरेला किल्ल्यांचे दोन जुडगे, कुलूप लावलं की चार पावलं जायचं आणि परत येऊन ओढून बघायचं. मग लोक दुसरं काय नाव ठेवणार? रुग्णांचे सगळे स्कॅन ज्या सर्व्हरमध्ये साठायचे तो याच्या ताब्यात होता.

चार वर्षांपूर्वी नवा सर्व्हर आला. आठ डिस्क. प्रश्न एवढाच, की एक डिस्क मेली तरी स्कॅन शाबूत राहतील अशी मांडणी करायची, की दोन मेल्या तरी? दुसरीत साठवायला जागा कमी उरते. डबलचं उत्तर ठरलेलं होतं: दोन. आठही एकाच खोक्यातून आलेल्या, एका वयाच्या. एक गेली की दुसरी फार मागे राहत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

साहेब हसले. "अहो डबल, लग्नात नवरदेव एकच लागतो. जादाचा कोण उभा करतं? जागा बघा, जागा!" आणि त्यांनी एकाच डिस्कच्या मांडणीवरचा अभिप्रायाचा कागद पुढे सरकवला.

त्याच टेबलावर डबलचा रजेचा अर्ज पडला होता. ताईच्या फुप्फुसात डाग निघाला होता. आई गेल्यावर याला न्हाऊमाखू घालून वाढवलं ते ताईने. तिला तपासण्यांना न्यायला दुसरं होतं कोण? साहेबांचं पेन अर्जावर घुटमळत होतं. डबलने अभिप्रायात एकच शब्द लिहिला, 'चालेल', आणि खाली सही केली. रजा मंजूर झाली.

चालेल! काय शब्द आहे मेला! हो म्हणायचं नसतं आणि नाही म्हणायची छाती नसते, तेव्हा तोंडातून हाच निघतो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दरवर्षी स्कॅन काढू, मागच्याशी ताडून बघू. वाढला नाही तर हात लावायचा नाही. तीन वर्षं डाग होता तेवढाच राहिला. एकदा ताईने घरी ठेवायला स्कॅनची प्रत मागितली. डबल हसला. "अगं ताई, भाऊ बसलाय ना तिथे!" सगळं दोन-दोन ठेवणाऱ्याने बहिणीचं तेवढं एकच ठेवलं.

गेल्या महिन्यात एक डिस्क गेली. डबलने नवी बसवली. आता उरलेल्या सात जणींनी मिळून तिच्यात गेलेलं सगळं पुन्हा भरायचं, दीड दिवस, न थांबता. डबल स्टुलावर बसून पडद्यावरचे टक्के बघत राहिला. एकाहत्तरवर दुसरा तांबडा दिवा लागला. "थांब गं बाई, आजचा दिवस थांब," तो यंत्राला म्हणाला. यंत्र कसलं थांबतंय! सगळं गेलं. वेगळी प्रत ठेवायचं यंत्र हवं, असा त्याचा अर्ज तीन वर्षं साहेबांच्या खणात झोपा काढत होता.

चौकशीत साहेबांना तो अर्ज काही सापडला नाही. 'चालेल'चा कागद मात्र बरोब्बर सापडला. "हे कुणी लिहिलंय? मी?" चोर तो चोर वर शिरजोर! पण सही याचीच होती. ठपका आला. डबलला त्याचं काही वाटलं नाही. ताईचा स्कॅन पुढच्या आठवड्यात होता.

"अहवालात नुसतं 'पूर्वीएवढाच' लिहिलंय," डॉक्टरीणबाई नवा स्कॅन बघत म्हणाल्या. "किती, ते कुणी लिहिलेलंच नाही. मला आज थोडा मोठा वाटतोय. पण जुना शेजारी ठेवल्याशिवाय सांगू कशी? छाती उघडून तुकडा काढावा लागेल. या वयात धोका आहे, ते आधीच सांगते." त्यांनी संमतीचा कागद पुढे केला.

डबल रडायला लागला, सगळ्यांदेखत. "माझ्यामुळे गं ताई. मीच सही केली होती."

ताईने त्याचं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं. मग डॉक्टरीणबाईंकडे वळली.

"चालेल," ती म्हणाली, आणि पेनासाठी भावापुढे हात केला.