पंप सुरू झाला की

मी कॉम्प्युटरवरून विंडोज काढून लिनक्स टाकलं आणि बाबा निवृत्त झाले, दोन्ही एकाच वर्षी. बाबांनी आयुष्यभर हॉस्पिटलात एक्स-रे काढले. मुंबईतली क्वार्टर्स सोडून शांती नगरला राहायला आल्यावर त्यांच्या हाताला काम उरलं नाही, आणि ते त्यांना आतून खात होतं. मग ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे.

माझं दुखणं वेगळंच होतं. एका हार्ड डिस्कवरून दुसरीवर फायली नेताना सुरुवात झोकात व्हायची आणि मध्येच सगळं रखडायचं. डिस्कची वेगवान पद्धत चालू करायची आज्ञा मी पुन्हा पुन्हा दिली, केबलसुद्धा बदलली. तेवढ्यापुरता वेग यायचा, थोड्या वेळाने पुन्हा तेच.

"वायर तापतेय का रे?" बाबांनी विचारलं.

"बाबा, तुम्हाला यातलं काही कळणार नाही," मी खेकसलो. लगेच वाईट वाटलं, म्हणून म्हटलं, वेग कधी पडतो तेवढं घड्याळ बघून लिहून ठेवा. खरं तर पाठीमागची भुणभुण थांबावी, एवढाच हेतू होता.

चार दिवस बाबा स्टुलावर ड्युटी असल्यासारखे बसले. चहासुद्धा तिथेच. पाचव्या दिवशी म्हणाले, "सोसायटीचा पंप सुरू झाला की तुझा वेग पडतोय. पंखाही तेव्हा जरा मंदावतो, बघ. आमच्याकडे लिफ्ट सुटताना एक्स-रे काढला तर फिल्म फिकी यायची. लिफ्ट थांबेपर्यंत आम्ही पेशंटला थांबवायचो."

मला हसू आलं. तरी लिनक्सने आपोआप ठेवलेल्या नोंदी उघडून वेळा ताडून पाहिल्या. मिनिटाचाही फरक नव्हता. पंप सुरू होताना वीज क्षणभर कमी व्हायची, डिस्क गडबडायची, आणि लिनक्स सावधगिरी म्हणून वेगवान पद्धत परस्पर बंद करून टाकायचं. मी मात्र केबली बदलत बसलो होतो.

पंप थांबल्यावर पुन्हा आज्ञा दिली. फायली भराभर गेल्या. बाबा स्टुलावरून वाकून पाहत होते, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

"बाबा, मी त्या दिवशी उगाच बोललो तुम्हाला."

"मला गप्प बसवायला बसवलंस, ते कळलं होतं मला," ते म्हणाले. "पण किती महिन्यांनी कुणीतरी मला काम सांगितलं रे."