एका हाताने उघडणारा चाकू

देवाने उखाला हात दिले, पण ते स्वस्थ ठेवायची अक्कल द्यायला विसरला, असं त्याची बायको भागीरथी म्हणायची आणि त्यात खोटं काही नव्हतं. धुळ्याकडून सुरतेला येऊन लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, विणकर झालेला हा माणूस. चहाला बसला तरी त्याच्या हातात घडीचा चाकू असायचा आणि डोक्यात त्या चाकूचं आता पुढे काय करायचं, हे.

चाकू साधाच होता, जत्रेत मिळतो तसा. पण ताण्याचा, म्हणजे मागावरचा उभा, धागा तुटला की त्याचं टोक डाव्या हातात धरून ठेवावं लागतं. सोडलं तर बाकीच्या धाग्यांत ते हरवलंच म्हणा. मग चाकू उघडायचा कोणत्या हाताने? इतर विणकर गळ्यात कात्री अडकवत, नाहीतर सरळ दातांनी धागा तोडत. उखाला सोपा उपाय कधी आवडलाच नाही.

आधी त्याने मागावरच्या मोडक्या धोट्याचं लाकूड घासून नवी मूठ बसवली. मग अंगठ्याने ढकलता यावं म्हणून पात्याला छोटा स्क्रू लावला. तरी पातं जडच निघायचं, म्हणून पातं दाबून धरणारी आतली पोलादी पट्टी कानशीने घासली. मग आणखी घासली. शेवटी पट्टी इतकी पातळ झाली की नुसत्या धक्क्यानेही पातं बाहेर यायचं. शेजारच्या संच्यावर, म्हणजे मागावर, असणाऱ्या धुडकूचं तो हातात घेताना बोट कापलं, तर उखा त्यालाच म्हणाला, "तुले धरता येत नही." आणि पुन्हा कानस शोधू लागला.

चौऱ्याण्णवला सुरतेत प्लेग आला, त्याच्या पुढच्या साली त्याची मुलगी सोनाली बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. पाचवीच्या दिवशी सकाळीच शेजारच्या सखुबाईने बजावलं, बाळाच्या उशाखाली लोखंड हवं. गावी असते तर विळा पुजून तोच ठेवला असता, पण विळा राहिला गावी.

"मी ठेवस काहीतरी," भागीरथी म्हणाली. उखाने ते ऐकलं, अंघोळ उरकून खिळ्यावरची पँट चढवली आणि डबा घेऊन खात्यावर गेला.

दुपारी धागा तुटला. डाव्या हातात टोक धरून त्याने उजवा हात खिशात घातला. खिसा रिकामा. आधी तो चिडला. मग सकाळचं बोलणं आठवलं. ठेवस काहीतरी. उशाखाली मावेल असं दुसरं लोखंड घरात होतं कुठे?

त्याने हातातलं टोक सोडून दिलं.

"उखाभाई, क्यां जाओ छो?" कुठे निघालात म्हणून खात्यावरचे मास्तर मागून ओरडले. उखा दोन्ही संचे बंद करून दाराबाहेर पडला होता. घराकडच्या, लिंबायतच्या गल्ल्या त्या दिवशी संपता संपेनात. बाळ हात हलवत असेल. उशी सरकली असेल. पट्टी आणखी थोडी घासायची बुद्धी आपल्याला कोणी दिली? चालता चालता त्याचा हात रिकाम्या खिशाकडे जात होता आणि त्याला स्वतःच्या हाताची भीती वाटत होती.

खोलीत शिरला तेव्हा सोनाली आणि बाळ दोघंही झोपलेले. त्याने उशीखाली हात घातला. हाती आली ती धाग्याची एक गुंडाळी. खात्यातून त्यानेच आणलेला वाया गेलेला धागा चाकूभोवती वरपासून खालपर्यंत आवळून गुंडाळलेला आणि वर अशी गाठ, की ती सोडायला दुसरा चाकू लागावा.

"तुम्हना चाकू शे, म्हणीसन मीच बांधी टाका," दारात उभी भागीरथी हळू आवाजात म्हणाली.

"तुले कसं माहीत, तो आपोआप उघडस?"

तिने नुसता उजवा हात पुढे केला. तर्जनीवर आडवा, जुना, पांढरा वण होता. एकदा त्याची पँट धुवायला घेताना तिने खिशात हात घातला होता, तेव्हाचा. तेव्हापासून दर धुण्याआधी ती तो चाकू आधी बाहेरून चाचपायची, मगच खिशात हात घालायची. इतक्या दिवसांत त्या बोटाकडे उखाचं लक्ष गेलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"सांगं का नही मग?"

"मी सांगती ते तुम्ही त्यामा आनखी काहीतरी करतात."

उखाने चाकू होता तसाच, बांधलेला, परत उशीखाली सरकवला. मग तिथेच भिंतीला टेकून बसला. हातांचं काय करावं ते त्याला कळेना, म्हणून त्याने भागीरथीचं ते बोट धरून ठेवलं.