जवाईबुवा धूसर आले

देऊळघाटच्या राखीबद्दल गावाचं एकच मत होतं: पोरगी कामाची, पण नग आहे. लग्नात फोटो काढायला तिला बोलवायचं आणि ही आता काय उचापत करते या धास्तीनं जेवायचं, असा सगळ्यांचा रिवाज. एका नवरदेवाच्या काकांनी "आपण फोटोत हसत नसतो" म्हणून ऐट मारली, तर बाईसाहेबांनी त्यांना तोंडात लाडू कोंबताना टिपलं आणि तोच फोटो अल्बमच्या पहिल्या पानावर डकवला. तरी बोलावणी थांबली नाहीत. हळदीला पुरुष फोटोग्राफर आला की बाया आखडून बसतात. राखीसमोर खुशाल चावट गाणी म्हणतात.

कॅमेरा तिनं बुलडाण्याहून जुना घेतलेला. विकणाऱ्यानं बजावलं होतं, "वरची चकती हिरव्या खुणेवर ठेवायची, बाकी कुठं हात लावायचा नाही." हिरव्या खुणेवर कॅमेरा सगळं आपलं आपण ठरवतो, आपण नुसतं बोट दाबायचं. राखीनं दोन वर्षं इमानानं दाबलं. पण जी पोरगी बापाचं ऐकत नाही, ती यंत्राचं किती दिवस ऐकणार? हळदीनं पिवळ्याधम्मक झालेल्या बाया फ्लॅशमध्ये पांढऱ्याफटक निघू लागल्या, तशी तिची सटकली. एका दुपारी तिनं चकती फिरवली.

मग शिकण्याचा सपाटा सुरू झाला. मोबाइलवर व्हिडिओ पाहायचे, बापाच्या मळ्यातली वांगी गच्चीच्या कठड्यावर एकामागं एक मांडायची आणि फोटो काढत सुटायचं. भिंगाच्या आत एक भोक असतं आणि ते लहान-मोठं करता येतं, हे तिला कळलं. भोक मोठं केलं की उजेड भरपूर, पण एकच वांगं लख्ख, मागची सगळी धुक्यात. भोक लहान केलं की अख्खी ओळ साफ, पण फोटो काळवंडलेला. मग उजेड आत सोडणारी झडप जास्त वेळ उघडी ठेवा, आणि तेवढ्यात हात हलला की सगळ्या वांग्यांना शेपट्या. त्यात आणखी ताप म्हणजे कॅमेऱ्यावर भोकाचा आकडा लहान तर भोक मोठं.

"कोण्या उलट्या खोपडीच्यानं बनवलं बे हे!" ती वांग्यांवर खेकसायची.

भगवानराव, म्हणजे तिचे वडील, जिन्यातून ओरडायचे, "पोरी, थे वांगे बाजारात न्याचे हायत. त्याईचं फोटोसेशन झालं का सांग!"

त्यातलं मोठं भोक राखीच्या डोक्यात बसलं. मागचं सगळं विरघळून जायचं आणि समोरचा चेहरा असा उठून यायचा की बघत राहावं. आणि याच नादात तिनं सख्ख्या भावाच्या, शेखरच्या लग्नात माती खाल्ली.

राखीची मोठी बहीण प्रेरणा वरवट बकालला दिलेली. तिचे यजमान राजकुमार मोठे कष्टाळू, मनानंही वाईट नाहीत, पण रुसण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या सोयऱ्याधायऱ्यांत कोणी नाही. वरण आधी दुसऱ्याला वाढलं, रुसले. टोपी ढिली झाली, रुसले. घरच्यांचा एकत्र फोटो काढायचा ठरला, तर जवाईबुवा म्हणाले, "मी खुर्चीवर बसत नसतो. मी मांगं ओट्यावर उभा राहतो, सगळ्याईच्या वर दिसलो पाह्यजे." राहा बापा. संध्याकाळ कलली होती, उजेड उतरला होता, म्हणून राखीनं भोक पार मोठं केलं, पुढं बसलेल्या आईबापावर नेम धरला आणि दाबलं. कॅमेऱ्याच्या टिचभर पडद्यावर सगळे छान दिसले.

तोच फोटो मोठा करून, काचेत मढवून वरवट बकालला पोचला. पुढची ओळ लख्ख. मधली बरी. आणि ओट्यावर, सगळ्यांच्या वर, फेटा बांधलेला एक धूर.

"मले मुद्दाम पुसलं!" फोनवर राजकुमारचा आवाज चिरकला.

"भाऊजी, शपथ घेऊन सांगते, मुद्दाम नाही. भोक मोठं राह्यलं."

"भोकाले काय समजते जवाई कोण अन् बाकीचे कोण? तुनंच केलं. प्रेरणा आता त्या घराची पायरी चढत नसते!"

आधी सगळे हसले. मग दिवाळी आली आणि प्रेरणा आली नाही. भाऊबीजेला शेखर ताटासमोर नुसता बसून उठला. संक्रांतही कोरडी गेली. प्रेरणा गोठ्यात जाऊन चोरून आईला, पुष्पाबाईंना, फोन करायची आणि त्या फोन ठेवून डोळ्याला पदर लावायच्या. एकदा त्यांनी राखीला जवळ बसवून विचारलं, "खरं सांग वो माय, तुनं मुद्दाम केलं ना?" आयुष्यभर केलेल्या खोड्यांचं व्याज असं एका झटक्यात वसूल झालं. राखीला बहिणीच्या आठवणीनं रडू यायचं, आणि रडू आलं की जावयाचा आणखीच संताप यायचा. शेवटी तिनं कॅमेरा गळ्यात अडकवला आणि वरवट बकालची एस.टी. धरली.

दुपारची वेळ. प्रेरणा दाराशी तुरीच्या शेंगा सोलत होती. बहिणीला पाहून तिचे डोळे भरले, पण मान खालीच राहिली, कारण मागं अंगणाच्या टोकाला बाजेवर सासूबाई सोजराबाई बसलेल्या. राजकुमार भिंतीकडं तोंड करून उभा.

"भाऊजी, मी भांडाले नाही आली," राखी म्हणाली. "फोटो काढणं कठीण हाय का सोपं, थे तुम्हीच पाहा. एक काढून दाखवा."

फुशारकीचं आमिष राजकुमारला कधी सुटलं आहे? त्यानं कॅमेरा घेतला. भोक पार मोठं करून ठेवलेलं होतं, तेवढं राखीनं सांगितलं नाही. "आत लाल टिंब दिसते ना, थे कोणावर तरी ठेवा अन् दाबा. ताई अन् मावशी, दोघीही आल्या पाह्यजे."

कोणावरही ठेव, बाबा. एकीला लख्ख काढशील, दुसरीला पुसशील. राखी शेंगांच्या टोपल्याकडं पाहत उभी राहिली. खट्!

सोजराबाईंनी चष्मा पुसला, पडद्यात पाहिलं, पुन्हा चष्मा पुसला. "काऊन रे राजू, बायकोची तं पापणी न् पापणी दिसते. मांगं हे गाठोडं कायचं हाय?"

"आये... थे तूच हाय."

"मी?"

"मुद्दाम नाही वो आये! भोक मोठं राह्यलं असन!" बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

"असं कसं, भाऊजी?" राखीचा चेहरा अगदी गरीब गाईसारखा. "भोकाले काय समजते बायको कोण अन् माय कोण?"

राजकुमारचं तोंड पाहण्यासारखं झालं. राखीनं कॅमेरा घेतला, आकडा वाढवला, तोच फोटो पुन्हा काढला. दोघी साफ. सोजराबाईंच्या कपाळावरची आठीसुद्धा.

"त्या दिवशी खरंच चुकलं, भाऊजी. उजेड नव्हता, अन् मी नवी होती. आज मात्र मुद्दाम केलं."

राजकुमारनं पुन्हा भिंतीकडं तोंड फिरवलं. बोलल्या त्या सोजराबाई. "भोकाचं समजलं. पण टिंब कोणं ठेवलं? मशीननं का तुनं?"

राजकुमारचे कान लाल. प्रेरणाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"थो पहिला फोटो पुसून टाक," सोजराबाई म्हणाल्या.

राजकुमारनं कॅमेरा राखीच्या हातातून घेतला, छातीशी धरला आणि पुटपुटला, "राहू दे ना, आये."

त्या घरात आजवर सोजराबाईंना कोणी नाही म्हटलेलं नव्हतं. त्यांनी मुलाकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं, आणि पदर झटकून बाजेवर पाठ फिरवून बसल्या. "मंग मी रुसली. जाय, हिले माहेरी पोचवून ये. हिचा जीव भरल्याबिगर मले तुयं तोंड दाखवू नको."

प्रेरणाची पिशवी दिवाळीपासून भरलेलीच होती.

एस.टी.त नवरा-बायको पुढच्या बाकावर बसले. राखी मागं, डोळे मिटून, कान उघडे ठेवून. बऱ्याच वेळानं प्रेरणानं हळूच विचारलं, "खरंच माह्यावर ठेवलं होतं?"

"मंग कोणावर ठेवाचं होतं?" राजकुमार रुसल्यासारखा म्हणाला.