ते दोन पिस्टन काढणार नाही

मंडळी, जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाचे परीक्षक आज चिपळूणला माझी गाडी बघायला आले होते. तिचं सहा सिलिंडरचं इंजिन पुरात बुडालं होतं. मी ते पुन्हा उभं केलं. चार पिस्टन मूळचे, दोन भंगारातल्या दुसऱ्या गाडीचे. सोनाराच्या काट्यावर वजन जुळेपर्यंत कानशीने घासले.

"काका, ही खिचडी झाली! हे दोन काढून मूळचे बसवा, नाहीतर प्रवेश नाही मिळायचा."

"त्या जागचे मूळचे पुराने खाल्ले. कुठून आणू?"

"मग फॉर्मवर सगळं मूळचंच म्हणून लिहा. आत कोण बघतो?"

"देवापुढे नारळ ठेवून चालू केलंय. खोटं नाही लिहिणार."

प्रवेश गेला. त्यांना त्याच गाडीतून स्टेशनला सोडलं. चढावर इंजिन एकदाही अडखळलं नाही.

तुम्हीच सांगा, कुणी अशा इंजिनाला खोटं म्हटलं तर ऐकून घ्यायचं का?