मी नाकारलेला नारळ

देवावर माझा राग असता तरी एक वेळ बरे झाले असते. राग भांडून निवतो. मला त्या वर्षी देवाची लाज वाटत होती, आणि ही गोष्ट मी आजवर फारशी कुणाला सांगितलेली नाही.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कोकणातल्या आमच्या तालुक्याच्या शाळेत शिकलो, पुढे कोल्हापुरात एका शिक्षकांच्या घरी राहून बी.ए. झालो आणि नोकरीसाठी मुंबईस आलो. लालबागच्या एका चाळीत आमच्या गावकऱ्यांची खोली होती. गिरणीत कामाला असलेले दहा-बारा जण पाळीपाळीने तिथे झोपत. त्यांत माझीही वळकटी पडली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. आज मोर्चा, उद्या हरताळ. कचेऱ्या उघड्या असल्या की मी अर्ज घेऊन फिरत असे. असे जवळजवळ वर्ष गेले. कुठे अनुभव विचारत, कुठे टंकलेखन, कुठे नुसतेच वरपासून खालपर्यंत पाहत. शेवटी वडिलांचे पत्र आले : पावसाळ्याआधी बोटी बंद होतील, त्यापूर्वी परत ये, शेत आहेच. पत्रात रागाचा एक शब्द नव्हता, म्हणूनच ते फार लागले. ज्या शेतातून मला बाहेर काढण्यासाठी ते राबले, त्याच शेतात मी हात हलवीत परतणार होतो.

पत्र घेऊन आलेल्या गृहस्थांबरोबर आईने एक नारळ पाठवला होता. गावच्या रवळनाथापुढे तिने माझ्यासाठी गाऱ्हाणे घालायला लावले होते आणि नारळाच्या शेंडीला लाल दोरा बांधला होता. काम होईपर्यंत तो जवळ बाळगायचा, झाले की गावी नेऊन देवापुढे फोडायचा, असा रिवाज. फोर्टातल्या एका कंपनीत माझी मुलाखत होती. त्या सकाळी आमच्या खोलीचे कर्ते भिकूतात्या, गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवणारा साठीकडे झुकलेला माणूस, देव्हाऱ्यातला नारळ पाटावर ठेवून उभे राहिले.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा! ह्या तुझा लेकरू शिकान-सवरान मुंबईत इला आसा, तेका खंयतरी चिकटव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे एका आवाजात म्हणाले.

“तेच्या वाटेत जा काय आडवा येता, ता दूर कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि मुंबईसकट म्हाराष्ट्र होव दे रे म्हाराजा!”

या तिसऱ्या ‘व्हय’ला शेजारच्या खोल्यांतूनही साथ आली. मी मात्र गप्प होतो. हातात इंग्रजीतला अर्ज होता, मनात त्यातली वाक्ये. तात्यांनी नारळ माझ्या पिशवीत घातला तेव्हा मी म्हणालो, “तात्या, साहेबाची कचेरी ती. तिथे नारळ कशाला?”

“साहेबाक दाखवू नको. बी.ए. झालंस म्हणान आवशीचो नारळ जड झालो?”

कचेरीच्या लांब व्हरांड्यात आम्ही सात उमेदवार बाकावर बसलो होतो. माझे नाव पुकारले गेले. मी घाईने पिशवीतून प्रमाणपत्रे ओढली आणि त्यांबरोबर नारळ बाहेर पडला. फरशीवरून गडगडत तो थेट साहेबाच्या दाराशी जाऊन थांबला. टाय लावलेला एक उमेदवार म्हणाला, “मुलाखत आहे की सत्यनारायण?” सगळे हसले. दाराशी उभ्या असलेल्या शिपायाने नारळ उचलला, दोऱ्याकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, “कुणाचा हा?”

“माझा नाही,” मी म्हणालो.

आत साहेबांनी काय विचारले ते आता आठवत नाही. उत्तरे येत होती, पण कानांत त्या नारळाचे गडगडणे चालू होते. बाहेर आलो तेव्हा शिपाई जागेवर नव्हता. मी त्याला शोधलेही नाही.

मी खोलीवर परतलो. देव्हाऱ्यातली नारळाची जागा रिकामी पाहून तात्यांनी तिथे हळद-कुंकू वाहिले, इतकेच. मी बोटीची चौकशी केली. मुलाखत फसल्याचे दुःख होतेच, पण आईने बांधलेली गाठ मी इतक्या परक्या माणसांसमोर नाकारली, हे आत कुठेतरी सलत होते. गावी गेल्यावर ती पहिल्यांदा नारळच विचारणार होती.

शनिवारी दुपारी कचेऱ्या सुटल्यावर आमच्या दारात तोच शिपाई उभा राहिला. त्या कंपनीची शहरातली पत्रे शिपायाच्या हाती जात; वहीवर सही घ्यायची अशी पद्धत होती. त्याने वही पुढे केली, मी सही केली, पाकीट उघडले. नकार होता. मग त्याने खाकी पिशवीतून नारळ काढला.

“हा तुमचाच ना?”

सगळी खोली माझ्याकडे पाहत होती. तात्याही.

“हो, माझाच,” मी म्हणालो. “त्या दिवशी मी खोटं बोललो.”

“ते तेव्हाच कळलं. ज्याचा नसतो तो एवढा लाल होत नाही.” तो उंबऱ्यावरच टेकला. त्याचे नाव गंगाराम, वरळीच्या चाळीत राहणारा. “मी आता बुद्धाला मानतो, नारळबिरळ फोडत नाही. पण ही गाठ कुणीतरी घरच्या माणसानं बांधलेली, म्हणून टाकवला नाही. पहिल्या नोकरीसाठी, जात कळू नये म्हणून, मीही आडनाव खोटं सांगितलं होतं. नोकरी लागली. पुढं दोन वर्षं आईला मी चोरून, नाक्यावर भेटायचो.”

तात्यांनी त्याला उंबऱ्यावरून उठवून आपल्याशेजारी बसवले. “चाय घाल रे सगळ्यांका,” ते म्हणाले. मग नारळ पाटावर ठेवून त्यांनी तेच गाऱ्हाणे पुन्हा घातले. नकाराचे पत्र माझ्या हातात होते, पुढची वाट दिसत नव्हती, तरी त्या दिवशी मी पहिल्यांदा सगळ्यांबरोबर ‘व्हय म्हाराजा’ म्हणालो. गंगाराम हाताची घडी घालून गप्प बसला होता. पण तात्या मुंबईसकट महाराष्ट्रावर आले आणि सगळ्यांच्या आधी त्याचाच आवाज घुमला, “व्हय!” खोली हसून लोटपोट झाली.

निघताना तो म्हणाला, “आमच्याकडं संध्याकाळचा वर्ग चालतो, गिरणीतल्या मोठ्या माणसांचा. मास्तर सत्याग्रहात आत गेलेत. इंग्रजी शिकवाल? मानधन असं-तसंच आहे.”

मी सोमवारपासून जाऊ लागलो. त्या हंगामाची शेवटची बोट माझ्याशिवाय गेली. जूनमध्ये परळच्या एका शाळेचे मुख्याध्यापक तो वर्ग पाहायला आले, मागे उभे राहून तासभर ऐकत राहिले आणि मला त्यांनी शाळेत बोलावले. त्याच शाळेत माझी सारी नोकरी झाली.

पाऊस सरल्यावर पहिल्या बोटीने गावी गेलो. नारळ तोवर सुकून आत खडखडू लागला होता. देवापुढे फोडला तर खोबऱ्याचा अखंड गोटा निघाला. आईला मी सगळे सांगितले, नाकारल्याचेही. तिने गोट्याचा अर्धा भाग फडक्यात बांधला. “त्या गंगारामाक दी,” एवढेच म्हणाली.

वरळीला जाताना मी संकोचलो होतो. त्याने फडके सोडले, खोबरे हातात घेतले.

“प्रसाद म्हणून नाही घेणार, मास्तर,” तो हसून म्हणाला. “तुमच्या आईनं पाठवलेलं खोबरं म्हणून घेतो.” आणि एक तुकडा मोडून त्याने आधी माझ्या हातावर ठेवला.

मला नोकरी देवाने दिली, की देव न मानणाऱ्या त्या माणसाने, हे मी कधी ठरवायला गेलो नाही. देवापुढे माझे मागणे दुसऱ्यांनीच मांडले होते आणि माझा नारळही दुसऱ्यानेच सांभाळला. माझ्या वाट्याला फक्त हो म्हणणे होते, आणि तेवढेच मला सर्वांत जड गेले. आता सकाळी हात जोडतो तेव्हा मी काही मागत नाही. तात्यांचा आवाज आठवतो आणि आपसूक तोंडून निघते, व्हय म्हाराजा.