वणव्यानंतरची बाग आणि आमचे डॉक्टर

जयपुरात शांतपणे जगू पाहणाऱ्या माणसानं आमच्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांशी ओळख म्हणून करून घेऊ नये. गृहस्थ भूलतज्ज्ञ, दिवसभर इस्पितळात लोकांना झोपवतात आणि घरी आले की इमारतीत कुणाचा डोळा लागू देत नाहीत. मूळचे नाशिकचे, त्यामुळे द्राक्षांचा विषय निघाला की आवाज चढतो. वाइनचा थेंब कधी ओठांना लावलेला नाही, पण वास घ्यायची शिस्त इतकी कडक, की राजा पार्कच्या बाजारात लस्सीचा कुल्हडसुद्धा गोल फिरवून आधी नाकाशी नेतात. एकदा निम्मी लस्सी माझ्या शर्टावर आली. "आधी मातीचा गंध येतो बघा," ते डोळे मिटून म्हणाले. लस्सीवाला म्हणाला, "डॉक्टरसाब, मिट्टी तो कुल्हड की है. लस्सी भाईसाब के ऊपर है."

यंदाच्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या डोंगरावरचा वणवा त्यांच्या शाळासोबत्याच्या बागेत शिरला. तो आपल्याच द्राक्षांची वाइन करतो. "सगळं उपटून टाकतोय," असा त्याचा फोन आला आणि डॉक्टर अनवाणीच खाली धावत आले.

"चला! बॅग भरा!"

"अहो, जळालेलं बघायला कसलं जायचं?"

"बऱ्या झालेल्या पेशंटला सगळेच भेटतात हो. शुद्धीवर येताना शेजारी कुणीतरी लागतं!"

गाडीत त्यांनी अख्ख्या डब्याला द्राक्षवेलीची शरीररचना शिकवली. बागेत पोचलो तर डोंगर काळा ठिक्कर, ओळी करपलेल्या आणि मित्र बांधावर मान खाली घालून बसलेला. डॉक्टरांनी 'कसा आहेस'ही विचारलं नाही. थेट गुडघ्यांवर बसले आणि पहिल्या वेलीची साल नखानं खरवडली. आत हिरवं!

"जिवंत आहे! अरे, हिला नाडी आहे!" मग दुसरी, मग तिसरी. पांढरा सदरा काजळीनं माखला.

"तुला तमाशा सुचतोय?" मित्र ओरडला. "माझी अर्धी हयात जळलीये इथं!"

"म्हणूनच म्हणतो, ऊठ. तुझ्या हातानं बघ."

तो उठला. एका वेलीची साल खरवडली. हिरवं दिसलं तसा रडता रडता हसायला लागला. मग काय, आम्ही तिघंही पोरांसारखे ओळींतून पळत सुटलो. "हीपण!" "इकडं या, हीपण!"

डोंगराकडच्या शेवटच्या ओळीत मात्र साल खरवडली की नुसती भुकटी हाताला येई. तरी डॉक्टरांनी एकही वेल न बघता सोडली नाही.

परवा मित्राचा फोन आला. बाग फुटव्यांनी भरलीय म्हणाला. त्या मेलेल्या ओळीत नवी रोपं कधी लावू, असं त्यानं विचारलं. सगळ्या जगाला घाई करणारे डॉक्टर या वेळी हळूच म्हणाले, "राहू दे रे, थोडे दिवस ती जागा मोकळी."