हेटीबाईंची भलतीच खोली

थॉर्नसीच्या किनाऱ्यावर भाड्याने पाहुणे ठेवणाऱ्या बायका पुष्कळ, पण खून झालेलं घर एकट्या हेटी स्क्वायर्सबाईंचं. मरीन टेरेस, नंबर चौदा. त्याचा तोरा तरी केवढा! १९०८ साली एका पियानो दुरुस्त करणाऱ्या भाडेकरूने लॉटी पिम या एकोणीस वर्षांच्या मोलकरणीचा गळा दाबला, तो वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत. हेटीबाई पाहुण्यांना खोली दाखवत, पण कुणी खुन्याचं नाव काढलं की फणकारत, "त्या मुडद्याचं नाव जगाला पाठ आहे. पोरीचं सांगा बघू!" नाही आलं, की दुसऱ्या दिवशी त्याच्या ताटात करपलेला टोस्ट.

लॉटीला ना आई, ना बाप. म्हणून हे घर घेतल्यापासून तीस वर्षं, दर नऊ ऑगस्टला, म्हणजे ती गेली त्या तारखेला, हेटीबाई त्या खिडकीत बागेतली फुलं ठेवत आल्या.

शेजारी सोळा नंबरात ओलिव्ह बॅन्फील्डबाई. सासूच्या वेळेपासूनचं घर, पडदे कडक इस्त्रीचे, मान त्याहून ताठ. "आमच्याकडे सभ्य माणसं उतरतात," त्या कुंपणावरून ऐकवत. "मढी बघायला येणारी नव्हे."

१९६२ सालच्या आठ ऑगस्टला निवृत्त पोस्टमन क्लीव्हबुवा चहाला आले आणि केक चघळता चघळता बोलून गेले, "खुनानंतर लाजेकाजेस्तव गल्लीने घरांचे नंबर बदलून घेतले ना! जुना चौदा म्हणजे आजचा सोळा. तुम्हाला ठाऊक नाही?"

हेटीबाईंची किटली हवेतच राहिली. सगळी गल्ली गुळणी धरून बसली होती तर! आणि लॉटीची फुलं? तीस वर्षं भलत्याच खोलीत!

त्या तशाच एप्रनवर सोळा नंबरात गेल्या.

"ओलिव्ह, तुला माहीत होतं!"

ओलिव्हबाईंचा चेहरा पांढराफटक. "हळू बोल गं, पाहुणे आहेत! सासूने मरताना सांगितलं. हेटी, बोंब मारलीस तर माझ्या दारात उद्या गर्दी होईल."

"खड्ड्यात गेली गर्दी! माझी गर्दी माझ्याकडेच राहू दे. मला फक्त फुलं ठेवायचीत. योग्य जागी."

ओलिव्हबाईंनी आधी दिवाणखान्याचं दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "उद्या दहानंतर ये. मागच्या दाराने. आणि पाय पुसून."

दहाला नाश्ता आटोपला, की पाऊस असो वा वारा, थॉर्नसीत पाहुण्यांना घराबाहेर काढतात ते थेट पाचपर्यंत. दुसऱ्या दिवशी त्या शांत घरात हेटीबाई फुलं घेऊन जिना चढल्या. मागची खोली उघडली. पलंगावर स्वच्छ चादर, पण उशीला खळगा नाही; कोपऱ्यात पेटी नाही, खुंटीवर ओला टॉवेल नाही.

"इथे कोण उतरलंय?"

"कुणी नाही. कधीच नाही," ओलिव्हबाई दारातूनच पुटपुटल्या. "माझ्याने देववत नाही कुणाला."

ऐन ऑगस्टात, गावात पाहुणे न्हाणीघरातसुद्धा झोपायला तयार असताना, रिकामी खोली! हेटीबाईंनी आपल्या शेजारणीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बये, तू तर माझ्यापेक्षा वेडी निघालीस," त्या म्हणाल्या. "जा, पेल्यात पाणी आण."

ओलिव्हबाईंनी आणलं. तेही घरातल्या सगळ्यात चांगल्या पेल्यात.